बेबीमावशींची दुसरी रेघ

साठीला टेकलेल्या बाईला 'बेबी' म्हणताना जीभ अडखळते. पण वसई पूर्वेच्या आमच्या गाळ्यात पहिल्या दिवशी ही अडचण फक्त मला आली, बाकी सगळे सराईतपणे हाक मारत होते. हजेरीपुस्तकातही बेबी दामोदर घरत असंच नाव होतं. बारशाला चांगलंसं नाव सापडेपर्यंत आईबापांनी लाडानं बेबी म्हणायला सुरुवात केली, तेवढ्यात मिठाचा हंगाम लागला आणि नाव शोधायचं राहूनच गेलं, असं त्या सांगत. हंगाम लागला की त्यांच्या घरी सगळंच राहून जायचं.

आमचा गाळा म्हणजे एक लहानशी कंपनी. एका बाजूला नटबोल्टचा कारखाना, दुसऱ्या बाजूला प्लास्टिकच्या बादल्यांचा, आणि मधोमध आम्ही आजार ओळखायच्या कागदी पट्ट्या बनवत बसलेलो. मुख्य माल डेंग्यूची पट्टी. पट्टीच्या एका टोकाला रक्ताचा थेंब सोडायचा, त्यावर बाटलीतल्या औषधी पाण्याचे दोन थेंब, की सगळं कागदातून पुढे सरकत जातं. वाटेत सोन्याचे अगदी बारीक कण त्यात मिसळतात आणि तेच रेघेला लाल रंग देतात. एक रेघ नेहमी उमटते, ती एवढंच सांगते की पट्टी चालू आहे. दुसरी उमटली तर डेंग्यू आहे, नाही तर नाही. ऐकायला सोपं आहे. पण ताप नुकताच आलेला असला की दुसरी रेघ इतकी पुसट उमटते, की ती आहे की आपल्याला भास होतोय यावरून दोन शहाणी माणसं भांडतील. ताप जितका नवा असताना रेघ दिसेल तितकी पट्टीची ताकद जास्त. या ताकदीला सेन्सिटिव्हिटी म्हणतात. ती वाढवायला मला नोकरीवर ठेवलं होतं, आणि ती कितपत वाढली हे बघायला मावशींना.

मावशी मुळात झाडू मारायला आल्या होत्या. खाडीकाठच्या गावात त्यांच्या बापाचं मिठागर होतं, ते भरून त्यावर इमारती उभ्या राहिल्या. नवरा गेला, आणि घरात बसून भिंती बघवत नाहीत म्हणून त्या गाळ्यात लागल्या. एकदा नापास झालेल्या पट्ट्यांचा डबा उचलताना त्यांनी त्यातली एक नाकाशी धरली आणि विचारलं, ही का टाकताय, हिच्यावर रेघ हाय की. आमचे मालक सबनीससाहेब, त्यांनी नमुन्याची नोंद काढली. रेघ असायला हवी होती. साहेबांनी आणखी दहा पट्ट्या पुढे ठेवल्या, त्यातल्या काहींवर नुसतं पाणी सोडलेलं होतं. मावशींनी दहाही बरोबर सांगितल्या. त्या दिवसापासून झाडू दुसऱ्या कुणाच्या तरी हातात गेला.

सबनीससाहेब भाविक मनुष्य. भक्ती मात्र यंत्रांवर. मावशींना ते आल्यागेल्यासमोर 'आमचं मशीन' म्हणायचे, आणि मशीनला शोभेल अशी गादीची, फिरती, चाकांची खुर्ची त्यांनी मागवली. खुर्ची पळते म्हणून मावशींनी तिच्या चाकांना चारी बाजूंनी विटा लावल्या. फिरायला लागली तर चक्कर येते म्हणून ती टेबलाच्या पायाला सुतळीनं बांधली. मग त्या बसल्या. जन्मभर वाकूनच काम केलं, मिठात वाकले, भातात वाकले, लोकांच्या लादीवर वाकले, ही माझी पैली खुर्ची, असं त्या मला म्हणाल्या होत्या. रोज सकाळी आल्यावर त्या आधी खुर्चीला हात लावून तोच हात कपाळाला लावायच्या. आम्ही हसायचो. साहेब हसायचे नाहीत, त्यांना ते योग्यच वाटायचं.

पट्टीवरच्या दोन रेघांना मावशींनी सासू आणि सून अशी नावं दिली होती. सासू कायमची दारात उभी. सून कधी येईल, येईल की नाही, कुणी सांगावं. ही नावं गाळ्यात इतकी रुळली की चंदनसारहून कामाला येणाऱ्या निकितानं तक्रारींच्या वहीत एका गिऱ्हाइकाचा फोन 'सून उशिरा येते' असा नोंदवून ठेवला. तपासणीला आलेले अधिकारी त्या पानावर बराच वेळ थांबले. शेवटी त्यांनी समोर बरोबरची खूण केली. घरचाच अनुभव असावा.

त्याच अधिकाऱ्यांना आमच्या कोरड्या खोलीत बोंबील सापडले. पट्टीच्या कागदाला दमट हवा सोसत नाही, म्हणून आमच्याकडे एक बंद खोली होती, तिच्यात यंत्रानं हवेतलं पाणी सतत ओढून घेतलं जायचं. जुलै महिन्यात अख्ख्या वसई तालुक्यात ती एकच कोरडी जागा, हे मावशींच्या ध्यानात न येतं तरच नवल. घरचे सुके बोंबील पावसानं मऊ पडले म्हणून त्यांनी ते डब्यातून आणून मागच्या फळीवर पसरले. अधिकाऱ्यांनी वासावरून माग काढला. साहेबांचा चेहरा पांढराफटक. मावशी शांतपणे पुढे झाल्या, एक बोंबील उचलला आणि कटकन मोडून दाखवला. खोली चांगली चालते, हा पुरावा. शेऱ्यात अधिकाऱ्यांनी काय लिहिलं ते साहेबांनी आम्हाला कधी दाखवलं नाही. त्यानंतर खोलीच्या दारावर पाटी लागली, 'आत मासळी आणू नये'. औषधाच्या कारखान्यात अशी पाटी मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही.

आता पट्टी वाचायच्या पद्धतीकडे येतो, कारण सगळा घोळ तिथं झाला. आणि त्या घोळात मी होतो.

नियम असा, की नमुन्याची पट्टी तीन जणांनी वेगवेगळी वाचायची, एकमेकांना काही सांगायचं नाही, आणि दोघांचं जुळलं तर ते खरं धरायचं. तिघं म्हणजे मावशी, मी आणि निकिता. टेबल मात्र एकच. मावशी पट्टी उचलायच्या, डावा डोळा मिटायच्या, उजव्या डोळ्यापासून चार बोटांवर धरून पट्टी जराशी तिरकी करायच्या, आणि पलीकडच्या बांधावरच्या माणसाला ऐकू जावं अशा मिठागरी आवाजात निकाल द्यायच्या, हाय किंवा नाय. मग पट्टी माझ्याकडे यायची. मला पांढरा कागद दिसायचा. पहिले काही दिवस मी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत पाहिलं. मग मला रेघ दिसायला लागली. म्हणजे मावशींनी हाय म्हटलं की दिसायची. निकिताचंही तेच. ती तर उघड म्हणायची, "सर, मला पण दिसते, पण मावशी बोलल्या की मग." मी कागदावर 'आहे' लिहायचो आणि सही करायचो. मावशी कधी चुकत नसत, मग माझ्या न दिसण्याला काय किंमत? असा तो हिशोब होता. आज लिहिताना लाज वाटते.

कागदोपत्री आमची पट्टी फार ताकदवान ठरली. पेट्या बाहेर जाऊ लागल्या आणि तक्रारी आत येऊ लागल्या. रेघ दिसत नाही. साहेबांना हा गिऱ्हाइकांचा दोष वाटला. त्यांनी आधी माहितीपत्रकात 'सरावलेल्या नजरेने वाचावे' अशी ओळ घातली. तेवढ्यानं भागेना, तेव्हा त्यांनी सरावलेली नजरच पाठवायचं ठरवलं. आचोळ्याच्या एका दवाखान्यातून सर्वांत जास्त तक्रारी येत, तिथं मी मावशींना घेऊन जायचं होतं.

तो दिवस मी विसरणार नाही. डॉक्टरांनी त्रासिक चेहऱ्यानं एक पट्टी पुढे केली, पंधरा मिनिटांपूर्वी लावलेली. मावशींनी ती नाकाशी धरली आणि म्हणाल्या, हाय. डॉक्टरांनी पाहिलं, कंपाउंडरनं पाहिलं, बाहेरच्या बाकावरचे चार पेशंट आत आले आणि त्यांनीही पाहिलं. एका आजोबांना रेघ दिसली. पण त्यांना तीन दिसल्या. मग कुणीतरी मावशींपुढे आपला एक्सरे धरला. एका बाईनं पर्समधून दुसरीच पट्टी काढून हळूच मावशींच्या कानाशी काहीतरी विचारलं. ती आमच्या कंपनीची नव्हती आणि डेंग्यूची तर नव्हतीच. मावशींनी बघितलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. डॉक्टर मला म्हणाले, बाई अजब आहेत, पेटीसोबत एकेक द्याल का? मी ते हसण्यावारी नेलं. साहेबांना सांगितलं असतं तर त्यांनी विचार केला असता.

परतताना रिक्षा मिळाली. मावशी खुशीत होत्या, मला मास्तर म्हणत चेष्टा चालली होती. कायम हातात पेन म्हणून मी मास्तर. रिक्षावाला नुकताच आजारातून उठल्यासारखा दिसत होता, कपडे अंगावर लोंबत होते. मावशींनी सहज विचारलं, तर तो म्हणाला, डेंग्यू झाला होता. "याच दवाखान्यात पट्टी लावली, ताई. पहिल्याच दिवशी. काय नाय बोलले, नॉर्मल ताप आहे. मी आपला रिक्षा चालवत राहिलो. चौथ्या दिवशी स्टँडवरच पडलो. अकरा दिवस हॉस्पिटल." त्यानं तक्रारही केली नाही, हवापाण्याचं बोलावं तसं बोलला. मावशींनी विचारलं, महिना कुठला. त्यानं सांगितला.

मावशींची चेष्टा तिथंच थांबली. मग रिक्षावाल्याला ऐकू जाणार नाही इतक्या हळू त्यांनी मला विचारलं, "मास्तर, त्या महिन्याच्या पेटीवर कोनाकोनाच्या सह्या हायत?"

मी म्हणालो, तुमची, माझी, निकिताची.

"तुमाला दिसलेली ती रेघ?"

मी बाहेर बघितलं. मग नाही म्हणालो.

"मंजी एकच सही हाय," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून मावशी निकाल ओरडायच्या बंद झाल्या. पट्टी वाचायच्या, चिठ्ठीवर खूण करायच्या आणि चिठ्ठी तळहाताखाली झाकून ठेवायच्या. आम्हाला दोघांना बजावलं, जे दिसंल तेच लिवा, माजं तोंड बघू नका. आम्ही लिहिलं. महिनाभरात आमच्या पट्टीची ताकद कागदावर धाडकन खाली आली. खरं तर ती होती तिथंच होती.

साहेब हादरले. पण भाविक माणूस श्रद्धेवर शंका घेत नाही, तो मूर्तीला शेंदूर लावतो. तिघांत मावशी एकट्या पडतात, म्हणजे मशीनची नजर बिघडली आहे आणि सर्व्हिसिंगची गरज आहे, असं त्यांनी निदान केलं. बोळिंजला डोळे तपासायचं शिबिर होतं. मी तिथंच राहतो, म्हणून रविवारी मीच मावशींना घेऊन गेलो. भिंतीवरच्या तक्त्यावरचं सगळ्यांत मोठं अक्षर कुठलं, असं विचारलं तेव्हा मावशींनी विचारलं, तक्ता कुठं हाय. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टरीणबाईंना नवल वाटलं, की या बाई रस्ता कशा ओलांडतात. मी सांगितलं की आमच्या कंपनीत या बारीक रेघा वाचतात. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, मोतीबिंदू पिकताना काहींना लांबचं जातं, पण अगदी जवळचं विलक्षण दिसायला लागतं. मी ते ऐकलं, पण त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. साहेबांना तर मी तो निरोप दिलाही नाही.

साहेबांनी हौसेनं दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं करवली. शुद्ध मनानं केलं, हे मला सांगितलंच पाहिजे. मशीन परत आलं त्या दिवशी गाळ्याच्या दाराला तोरण होतं.

काळा चष्मा लावून मावशी आल्या आणि दारातच थांबल्या. रोज सकाळी येताना ज्या वॉचमनला त्या हात करायच्या तो वॉचमन नव्हता, निळा रंग दिलेला पाण्याचा पिंप होता. मग त्यांनी लांब तुंगारेश्वरच्या डोंगराकडे पाहिलं. एवढी झाडं हायत, एवढंच म्हणाल्या. आम्ही सगळे आनंदात. त्या खुर्चीत बसल्या, पट्टी उचलली, चार बोटांवर धरली. मग दहा बोटांवर. मग हात पूर्ण लांब केला.

"नाय," मावशी म्हणाल्या. ही पट्टी जोरदार नमुन्याची होती. तिच्यावरची सून मला भिंतीशी उभं राहून दिसत होती.

जवळचा चष्मा करवला. त्यानं त्यांना चार माणसांना दिसतं तेवढं दिसू लागलं, आणि तेवढं तर आमच्या कामाचंच नव्हतं. साहेबांनी दोन दिवस पट्ट्या बदलून बदलून त्यांच्यापुढे ठेवल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी केबिनचं दार लावून डॉक्टरीणबाईंना फोन केला. दार पातळ होतं. काढलेला मोतीबिंदू परत बसवता येतो का, निदान उजव्या डोळ्याचा, असं ते अत्यंत अदबीनं विचारत होते. पलीकडून काय उत्तर आलं कळलं नाही, पण फोन लवकर संपला.

मावशी खुर्चीत बसून राहायच्या. काम काही नव्हतं. मला त्यांच्याकडे बघवत नसे, कारण ही खुर्ची आता किती दिवसांची ते त्यांना, मला आणि निकितालाही ठाऊक होतं. मी बिचारा पट्टीत सोनं वाढवत होतो. दोन वर्षं मी तेच करत होतो, सोनं वाढवायचं, कागद बदलायचा, पाणी बदलायचं, आणि रेघ होती तिथंच पुसट. एका दुपारी मी लावलेल्या पट्टीकडे मावशी लांबूनच बघत होत्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना पट्टी अख्खी दिसत होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"मास्तर, हे पानी धावतंय," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी बापाचं मिठागर समजावलं. भरतीचं पाणी उघाडीतून, म्हणजे बांधाला ठेवलेल्या झडपेतून, आत घ्यायचं आणि एकेका कोंडीत थांबवत, तापवत पुढे सोडायचं. घाई केली की पाणी सगळं मीठ पोटात घेऊन निघून जातं आणि वाफ्यात नुसता चिखल राहतो. त्यांचा बाप बांधावर उभं राहून शीळसुद्धा घालू द्यायचा नाही, पाणी बिचकतं म्हणून. आमच्या पट्टीत पाणी रक्ताला आणि सोन्याला घेऊन सुसाट धावतं, रेघेनं त्याला पकडायचं कधी? रेघेच्या आधी एक बांध घाला, मास्तर, सोनं नका वाढवू.

मी शिकलेला माणूस. मी म्हणालो, कागदावर बांध कसला घालणार? दुसऱ्या दिवशी मावशींनी कमरेच्या बटव्यातून मेणबत्तीचं बुडखं काढलं. त्यांच्या शेजारच्या फिलूबाईंनी नोव्हेनाला, नऊ दिवसांच्या प्रार्थनेला, चर्चमध्ये लावलेली, उरलेली. देवाची वस्तू कारखान्यात चालेल का, असं मावशींनी त्यांना आधी विचारून घेतलं होतं. फिलूबाईंनी सांगितलं, आजारी माणसासाठीच पेटवली होती, आजाऱ्यांच्याच कामाला जाऊ दे.

मेण वितळवून मावशींनी दाभणाच्या टोकानं पट्टीवर आडवी रेघ ओढली आणि पट्टी गरम तव्यावर क्षणभर ठेवून मेण कागदात मुरवलं. मी रक्ताचा थेंब सोडला. पाणी बांधापाशी आलं आणि थांबलं. थांबलं ते थांबलंच. सासूसुद्धा आली नाही. मावशींनी कपाळावर हात मारला, उघाडी ठेवायची राहिली होती. मग बांधाच्या मधोमध बारीकशी फट ठेवली. मोठी झाली तर पाणी पुन्हा धावायचं, लहान झाली तर अडून बसायचं. फट मी ठेवली की चुकायची. मावशींचा हात रांगोळीचा, पण आता डोळे जवळचं दाखवीनात, म्हणून त्या चष्मा लावून, वर भिंग धरून, श्वास रोखून एकेक बांध घालायच्या. मेणाच्या वासानं गाळ्यात कायम सण असल्यासारखं वाटायचं. बादल्यांच्या कारखान्यातला एक जण विचारून गेला, कोण गेलं का तुमच्याकडे.

जी पट्टी जमली ती एका गुरुवारी जमली. सर्वांत कमजोर नमुना घेतला होता, पूर्वी फक्त मावशींना दिसायचा तो. नेहमीच्या पंधरा मिनिटांत काही आलं नाही. पंचवीस मिनिटं झाल्यावर आम्ही तिघांनी पट्टी बघितली, चिठ्ठ्या लिहिल्या आणि तळहाताखाली झाकल्या. उघडल्या तेव्हा तिन्हींवर 'आहे' होतं. निकिता चिठ्ठ्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सर, मला दिसली. कोणी बोलायच्या आधी दिसली." तिचे डोळे भरून आले होते. माझेही आले होते, ते मी भिंगावर ढकललं.

साहेब पट्टी घेऊन उन्हात गेले, सावलीत गेले, जिन्याखाली गेले. सगळीकडे रेघ दिसत होती. तरी त्यांची एक अडचण होती, वेळ. पंचवीस मिनिटं कोण थांबणार? डॉक्टरला घाई, पेशंटला घाई. त्यावर मावशी खुर्चीतून न उठता म्हणाल्या, "अकरा दिवस दवाखान्यात निजन्यापरीस दहा मिनटं जास्त बाकड्यावर बसू दे त्याला."

साहेबांनी पट्टी पुन्हा उजेडात धरली. थोड्या वेळानं त्यांच्या लक्षात दुसरी गोष्ट आली, आणि ती बोलून दाखवताना ते चाचरले. म्हणाले, मावशी, पण ही रेघ तर आता कुणालाही दिसणार. मग तुम्ही...

"त्याच्याचसाठी केली ना," मावशी म्हणाल्या, आणि खुर्चीच्या पायाची सुतळी सोडायला लागल्या.

साहेबांनी पॅकिंगचं काम देऊ केलं, पण ते वाकून करायचं होतं. मावशी नको म्हणाल्या. निरोपाला काय द्यावं हे साहेबांनी मला विचारलं, मी खुर्ची सांगितली. ती टेम्पोतून गेली, शेजारी मावशी, मांडीवर विटा. टेम्पोवाला म्हणाला, विटा कुठेही मिळतील. मावशींनी ऐकलं नाही, या खुर्चीला सवय झालेल्या विटा होत्या. मेणाचा बांध आता यंत्र घालतं. त्या यंत्राला साहेबांनी हार घातलेला मी पाहिला आहे.

त्यानंतर मावशी एकदाच दिसल्या. आचोळ्याच्या त्याच दवाखान्यात मी नव्या पट्टीबद्दल विचारायला गेलो होतो. बाहेरच्या बाकड्यावर सातआठ माणसं पंचवीस मिनिटं बसवल्याबद्दल आमच्या कंपनीचा उद्धार करत होती, आणि त्यांच्यात मावशी होत्या. शेजारी शालीत गुंडाळलेल्या, तापानं लाल झालेल्या फिलूबाई. ताप सकाळीच भरला होता. बाकड्याशेजारच्या टेबलावर पाच पट्ट्या ओळीनं मांडल्या होत्या, प्रत्येकीखाली नाव. मावशींच्या जागेपासून टेबल हातभर लांब. मी त्यांच्याकडे बघत होतो, आता वाकतील, आता वाकतील. त्या पाठ टेकून, मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या आणि समोरच्या इमारतीच्या सहाव्या मजल्यावर वाळत घातलेले कपडे मला मोजून दाखवत होत्या.

पंचवीस मिनिटांची घंटी वाजली. कंपाउंडर फोनवर कुणाशी तरी बोलत आला, पट्ट्यांवरून नजर फिरवत पुढे गेला, फोन कानावरून न काढता म्हणाला, फिलोमिनाबाई, डेंग्यू आहे, आत या, आणि बोलत बोलत निघून गेला. पट्टीला त्यानं हातही लावला नाही.

फिलूबाईंना आत बसवून मावशी परत आल्या. मी विचारलं, तुम्हाला बघायची नाही का.

"मी कशाला बघू," त्या म्हणाल्या. "त्याला दिसली ना. पैल्याच दिवशी दिसली."

तपासणी झाल्यावर त्यांनी फिलूबाईंना धरून बाहेर नेलं. रस्त्याच्या पार टोकाला उभ्या असलेल्या रिक्षाचा नंबर इथूनच मोठ्यानं वाचला, हात केला आणि रिक्षा आली. ती वळून दिसेनाशी होईपर्यंत मी दारात उभा होतो. मग आत येऊन मी फिलूबाईंची पट्टी उचलली, चार बोटांवर धरली आणि डावा डोळा मिटला. काही गरज नव्हती.